सतरा ग्रॅमचा उंदीर, बावीस ग्रॅमची चिमणी: दाणा एकच, छप्पर एकच, मग आयुष्यात एवढा फरक का?

भाकरीवाली_सोलापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका.

मी घरीच कडक भाकरी करून विकते. अक्कलकोट रोडच्या बाजूला घर आहे, खाली काम, वर राहणं. चौघी बायका मिळून दिवसाला पाचशेच्या आसपास भाकरी होतात, म्हणजे महिन्याला पन्नास किलोची अठरा-वीस पोती ज्वारी लागते. मालदांडीच घेते, दुसरी पातळ थापायला गेलं की चिरते. आता जिथं ज्वारी तिथं उंदीर आणि जिथं ज्वारी तिथं चिमण्या. माझ्याकडे दोन्ही आहेत. उंदीर पोत्यांच्या मागे, चिमण्या पत्रा आणि भिंतीच्या फटीत. दोघंही माझंच खातात, भाडं कुणी देत नाही.

चटणीच्या पुड्या तोलायला मी छोटा डिजिटल काटा घेतलाय, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. मागच्या महिन्यात पिंजऱ्यात उंदीर सापडला. काय मनात आलं कुणास ठाऊक, रिकामा पिंजरा किती आणि उंदरासकट किती ते बघितलं. फरक आला १७ ग्रॅम. त्याच आठवड्यात एक चिमणी पंख्याला आपटून मेली. वाईट वाटलं, पण तिलाही काट्यावर ठेवली. २२ ग्रॅम. म्हणजे जवळपास एकाच मापाचे जीव. शेजारी यंत्रमाग आहे, तिथला सुताचा गुंता आमच्या दारात उडून येतो. चिमण्या तेच सूत घरट्याला नेतात. परवा मागचं पोतं हलवलं तर खाली उंदराचं घरटं, तेही त्याच लाल-हिरव्या सुताचं, आत सात पिल्लं, गुलाबी, माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा लहान.

वजन एक, दाणा एक, छप्पर एक, घरटं बांधायचं सूतसुद्धा एक. पण उंदीर एकदा व्याला की महिन्याभरात पुन्हा पिल्लं, आणि वर्षभरापूर्वीचा उंदीर आज घरात असेल असं काही वाटत नाही. उलट आमच्याकडे एक चिमणा आहे. लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात त्याच्या पायात सूत अडकून तो फटीतून उलटा लोंबकळत होता. मी स्टुलावर चढून कात्रीने सूत कापलं. एक बोट काळं पडलं होतं, नंतर गळून गेलं. आम्ही त्याला तिबोट्या म्हणतो. त्याला आता पाच वर्षं झाली, अजून त्याच फटीत येतो, दर उन्हाळ्यात. तेव्हाच त्याच्या गळ्याखाली काळा पट्टा होता, म्हणजे पोर नव्हता.

तर एवढ्याशा देहाचे हे दोघं, एक वर्षात संपतो आणि एक पाच वर्षं टिकतो, हे कसं? आमच्या सासूबाई म्हणतात उंदीर पाप्याचं खातो म्हणून. मी म्हटलं, खातो तर माझंच.

अजून एक बारीक गोष्ट. शेंगाचटणी कुटताना ओट्यावर सांडते. चिमण्या येऊन ती लाल चटणी टिपून जातात, डोळ्यात पाणी नाही की काही नाही. उंदीर रात्री फिरतो, पण सांडलेल्या चटणीला तोंड लावत नाही. एकदा पिंजऱ्यात चटणी लावून ठेवली तर आठ दिवस पिंजरा रिकामा. त्याला कळतं का हे तिखट आहे, आणि चिमणीला कळत नाही?

माळरान_भटक्या

ताई, प्रश्न भारी आहे, पण आधी थोडा खोडा घालतो. मी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पंधरा वर्षं पक्षी बघत फिरतोय, तरी गावातल्या चिमण्यांत एखादी ओळखून काढायला मला धाडस होत नाही. सूत, मांजा, केस यात अडकून बोट गेलेल्या चिमण्या आणि पारवे शहरात भरपूर असतात, आणि यंत्रमागाच्या शेजारी तर जास्तच. तुमचा तिबोट्या म्हणजे पाच वर्षांत आलेले दोन-तीन वेगवेगळे तिबोटे नसतील कशावरून?

दुसरं, तो पिंजऱ्यातला जीव उंदीरच होता ना? लांब नाक, बारीक डोळे आणि उग्र वास असेल तर ती चिचुंद्री. चिचुंद्री उंदराच्या जातीचीच नाही, ती किडे खाणारी. लोक सगळ्यांना एकाच माळेत ओवतात.

आणि तिसरं, सरासरी चिमणी काही पाच वर्षं जगत नाही. घरट्यातून उडालेल्या पिल्लांपैकी बरीचशी पहिलं वर्षही बघत नाहीत. तुमचा खरंच पाच वर्षांचा असेल तर तो नशीबवान.

भाकरीवाली_सोलापूर

दादा, खोडा बरोबर आहे. म्हणून परवा सकाळी मोबाईलने फोटो काढला, पत्र्याच्या कडेला बसला होता तेव्हा. डावा पाय, पुढच्या तीन बोटांतलं मधलं, आणि मुळापासून गेलेलं नाही, पहिल्या पेराएवढा खुंट शिल्लक आहे. मी हातात धरला होता तेव्हा ते बोट तिथूनच काळं पडलेलं होतं, आणि माझ्या अंगठ्याला चावून त्यानं मला रक्त काढलंय, विसरणं शक्य नाही. फट पण तीच. दुसरा कुणी असेल तर तो एवढी हुबेहूब नक्कल करणारा नट म्हणावा लागेल.

उंदीर उंदीरच होता. मोठे कान, टपोरे डोळे, शेपटी अंगाएवढी. चिचुंद्री ओळखते हो, तिचा वास पिठात बसला तर ते पोतं टाकून द्यावं लागतं.

माळरान_भटक्या

मधल्या बोटाचा खुंट? मग मानतो. नर चिमणे जागेला चिकटून असतात, वर्षानुवर्षं त्याच फटीवर हक्क सांगतात, हे जुळतंय.

शिकवून_थकलेला

मी बार्शीकडचा. बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. ताई, तुमचा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने मला विचारला नाही, याचं आज वाईट वाटलं. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पूर्वी एक साधं गणित सांगायचे. लहान जीव भरभर जगतो म्हणून लवकर मरतो. उंदराचं काळीज मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देतं, हत्तीचं तीस. ठोक्यांचा कोटा ठरलेला, ज्याने लवकर वापरला तो लवकर गेला. ऐकायला छान आहे. पण चिमणीपाशी येऊन हे गणित आपटतं. चिमणीचं काळीजही त्याच वेगाने धावतं, वर तिचं अंग उंदरापेक्षा गरम. उंदीर ३७ अंशांच्या आसपास, चिमणी ४१. म्हणजे ती सतत आपल्या भाषेत तापाने फणफणलेली. उडायला लागणारी ताकद वेगळीच. तर ठोक्यांच्या हिशोबाने चिमणी उंदराच्या आधी जायला पाहिजे. प्रत्यक्षात प्रयोगशाळेतला उंदीर, मांजर नाही, घुबड नाही, उपाशी राहणं नाही, तरी दोन-तीन वर्षांत म्हातारा होऊन मरतो. आणि ओळखीसाठी पायात कडी घातलेली एक रानातली चिमणी अमेरिकेत टेक्सासमध्ये २००४ साली सापडली, ती किमान १५ वर्षं ९ महिन्यांची होती. पिंजऱ्यातली नव्हे, मोकळी. तुमचा तिबोट्या तिच्यापुढे पोरगा आहे.

इथं एक मुद्दा नीट धरा, कारण भटक्या यांचं म्हणणंही खरं आहे. बहुतेक चिमण्या लवकरच मरतात. पण त्या मारल्या जातात, मांजराने, पंख्याने, उपासमारीने. उंदीर मात्र कुणी मारला नाही तरी आतून झिजून मरतो. दोघांच्या अंगाची बांधणीच वेगळ्या मुदतीची आहे.

कशी वेगळी? तुमच्या चुलीचंच उदाहरण घेतो. प्रत्येक पेशीत अन्न जाळणाऱ्या बारीक चुली असतात, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. जळण जाळलं की थोडा धूर होणारच, आणि तो धूर पेशीची भिंत काळी करतो. शास्त्रज्ञांनी साधारण एकाच वजनाचे घूशीएवढे उंदीर आणि पारवे घेऊन बघितलं, कारण असा उंदीर जेमतेम चार वर्षं जगतो आणि पारवा पस्तीसपर्यंत. तर पारव्याच्या चुलीत जळण जास्त आणि धूर कमी निघाला. चांगल्या बांधणीची चूल म्हणा ना. सगळं उत्तर यातच आहे असं मी म्हणणार नाही, पेशीची दुरुस्ती करणारी यंत्रणा वगैरे अजून बरंच आहे. पण दिशा ती.

आता खरा प्रश्न. निसर्गाने उंदराला तशी चांगली चूल का दिली नाही? १९५७ साली जॉर्ज विल्यम्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने याचा विचार मांडला, आणि मला तो अजूनही सगळ्यात पटतो. समजा तुमचं घर पुढच्या वर्षी रस्तारुंदीत जाणार हे पक्कं आहे. तुम्ही छताला वॉटरप्रूफिंग कराल का? नाही. आहे तो पैसा धंद्यात घालाल. उंदराचं तसंच. जमिनीवर धावणारा, मांजर, साप, घुबड, मुंगूस, तुमचा पिंजरा, सगळे त्याच्या वाटेवर. वर्षभर टिकायची शक्यताच कमी. मग शरीर दहा वर्षं टिकेल असं बांधण्यात खर्च करून उपयोग काय? तो सगळा खर्च पिल्लांवर करतो. सहा आठवड्यांत वयात येतो, एकवीस दिवसांत पाच-आठ पिल्लं, आणि व्यायल्यावर एका दिवसात मादी पुन्हा गाभण राहू शकते, आधीची पिल्लं अंगावर असताना.

चिमणीला पंख आहेत. धोका दिसला की भुर्रकन वर. पहिलं वर्ष निभावलं तर पुढच्या वर्षी असण्याची शक्यता बरी असते. मग छत दुरुस्त करणं परवडतं. ती तीन-पाच अंडी घालते, अकरा-चौदा दिवस उबवते, मग पंधरा दिवस दोघं मिळून भरवतात. आणि भरवतात काय? दाणा नाही. अळ्या, किडे. पिल्लांना पहिले काही दिवस तुमच्या ज्वारीचा उपयोग नाही. उंदराच्या पिल्लांना तीन आठवडे आईचं दूध. म्हणजे “दाणा एकच” हे मोठ्यांपुरतं खरं, पोरांपुरतं नाही. शहरात चिमण्या कमी होण्यामागे किडे न मिळणं हेही एक कारण मानतात.

पंखांनी आयुष्य वाढतं याला पुरावा हवा असेल तर वटवाघूळ बघा. पिल्लांना दूध पाजणारा, उंदरासारखाच सस्तन, पण उडतो. सायबेरियात सात ग्रॅमच्या एका वटवाघळाला १९६४ मध्ये कडी घातली होती, ते २००५ मध्ये पुन्हा सापडलं. एक्केचाळीस वर्षं! तुमच्या उंदराच्या निम्म्याहून कमी वजन. आणि पंखच लागतात असंही नाही, सुरक्षितता लागते. आफ्रिकेत केस नसलेला एक बिळात राहणारा उंदीरवर्गीय प्राणी आहे, सगळं आयुष्य जमिनीखाली बोगद्यात, सापाशिवाय फारसं कुणी पोचत नाही. तो तीस वर्षांच्या पुढे जगतो. उंदराच्याच गणातला आहे. म्हणजे उंदराच्या रक्तात खोट नाही, त्याच्या धंद्यात जोखीम आहे.

शुगर_बॉर्डरवर

सर, एक अवांतर. पक्ष्यांची साखर आपल्या दुप्पट-तिप्पट असते असं ऐकलं. खरं का? माझी उपाशीपोटी १४२ आली तर डॉक्टरांनी भात बंद केला.

शिकवून_थकलेला

खरं आहे. आपली शंभरच्या आसपास धरतात, पक्ष्यांची दोनशे ते साडेतीनशे सहज. आपल्याला त्या पातळीला डोळे, किडनी, नसा सगळं जाईल. त्यांना काही होत नाही, त्यांच्या पेशी साखरेचा मारा सहन करायला सरावलेल्या आहेत. पण तुम्ही भात बंदच ठेवा, तुम्हाला पंख नाहीत.

शुगर_बॉर्डरवर

कडक भाकरी चालेल ना?

भाकरीवाली_सोलापूर

चालेल की ओ! ऑर्डर द्या.

सर, तुमचं वाचून रात्री झोप नाही लागली, चांगल्या अर्थाने. पण एक खटकतं. पिल्लं कमी घालते म्हणून चिमणी जास्त जगते म्हणताय. मग माझ्याकडच्या फटीतून दर उन्हाळ्यात दोन-तीन वेळा पिल्लं निघतात, पाच वर्षांत हिशोब केला तर तिबोट्याची तीसेक पिल्लं तरी झाली असतील. मग माझं घर चिमण्यांनी भरायला पाहिजे होतं. तसं काही नाही, तेवढ्याच सात-आठ आहेत. गेली कुठं ती सगळी? यंदा एप्रिलात तर दोन पिल्लं उकाड्याने फटीतून स्वतःच बाहेर पडली. पत्रा एवढा तापतो की दुपारी हात लावता येत नाही. एक वाचलं, एक नाही. उंदीर दुपारभर पोत्यामागे गारव्याला झोपलेला. मग सुरक्षित कोण?

शिकवून_थकलेला

हा प्रश्न परीक्षेत विचारला असता तर पूर्ण मार्क दिले असते.

संख्या वर्षानुवर्षं तेवढीच राहायची असेल तर एका जोडप्यामागे सरासरी दोनच जीव मोठे होऊन त्यांची जागा घेणार. उंदराची चाळीस पिल्लं असोत की चिमणीची तीस, शेवटी दोन. बाकी सगळी खर्ची पडतात. फरक एवढाच की उंदीर ते चाळीस एका वर्षात उरकतो, चिमणी त्यासाठी चार-पाच उन्हाळे घेते. तिबोट्या टिकला नसता तर त्याच्या वाट्याला ती दोन आली नसती.

उन्हाचं तुम्ही बरोबर बोललात. पत्र्याखालच्या फटीत पिल्लाला उडता येत नाही, तेव्हा पंखाचा फायदा शून्य. पंधरा दिवस ते उंदराच्या पिल्लापेक्षाही असुरक्षित असतं. आणि पक्ष्याला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकत गार व्हावं लागतं, त्यात पाणी जातं. उंदीर रात्रीचा प्राणी, दिवसा सावलीत, कोरड्या दाण्यातलं पाणीही त्याला बराच काळ पुरतं. सोलापूरचा मे महिना दोघांपैकी कुणाच्या सोयीचा असेल तर तो उंदराच्या. फटीच्या वरच्या पत्र्यावर ओलं पोतं टाका दुपारचं, आणि पसरट भांड्यात पाणी ठेवा.

एमएस्सी_पार्ट_टू

चटणीचं उत्तर मी देतो, कारण यावर आमच्या सोलापूर विद्यापीठात मी सेमिनार दिलाय आणि निम्मा वर्ग झोपला होता. इथं तरी कुणी ऐकेल.

मिरचीतला तिखट पदार्थ म्हणजे कॅप्सेसिन. तो जिभेवरच्या एका ठराविक ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो, जो खरं तर चटका ओळखण्यासाठी आहे. म्हणून तिखट “भाजतं”. हा ग्राही १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, विभागून. उंदरातही तो आपल्यासारखाच चालतो. पक्ष्यांतही तो ग्राही आहे, उष्णतेला जागा होतो, पण कॅप्सेसिन त्याला जवळजवळ चिकटतच नाही. म्हणजे मावशी, तुमच्या चिमणीला चटका कळतो, चटणी कळत नाही. तिच्या दृष्टीने तो नुसता शेंगदाण्याचा कूट आहे, लाल रंगाचा.

मिरचीला याचा काय फायदा, हे जास्त मजेशीर. उंदराने मिरची खाल्ली तर तो बी दाताने फोडतो, खेळ खलास. पक्ष्याला दात नाहीत, बी अख्खं पोटातून जातं आणि दूर कुठंतरी खतासकट पडतं. म्हणून मिरचीने असं रसायन निवडलं जे दातवाल्यांना हाकलतं आणि चोचवाल्यांना बोलावतं. चिमणीचं पोट मात्र वाळूचे खडे ठेवून बी भरडणारं असतं, त्यामुळे ती मिरचीची फार चांगली वाहक नाही. बुलबुल जास्त बरा.

आणि सगळे चिमणीला गाणारा पक्षी आणि उंदराला मुका समजतात म्हणून सांगतो, उंदीरही गातो. नर उंदराला मादीचा वास आला की तो सूर लावतो, पण सेकंदाला ३० हजार कंपनांच्या वर. आपला कान वीस हजारालाच संपतो. २००५ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी ते रेकॉर्ड करून खालच्या पट्टीत ऐकवलं तेव्हा चक्क पक्ष्याच्या शिळेसारखं ऐकू आलं. फरक असा की जन्मतः बहिरा उंदीरही साधारण तसंच गातो, ते त्याला शिकावं लागत नाही. गाणाऱ्या पक्ष्यांचं पिल्लू मोठ्यांचं ऐकून ऐकून शिकतं, एकटं वाढवलं तर बेसूर निघतं. चिमणा नुसता चिवचिव करतो असं वाटतं, पण तोही याच शिकणाऱ्या घराण्यातला.

तुमच्या पोत्यांमागे रात्री मैफल चालू असणार. आपल्याला तिकीट नाही एवढंच.

यार्डातला_हमाल_नव्हे_मुनीम

शास्त्र झालं, आता कामाचं बोलू. मार्केट यार्डात धान्याच्या गोदामात वीस वर्षं काढली.

ताई, पोती जमिनीवर आणि भिंतीला लावून ठेवताय, हे तुम्ही लिहिलं नाही तरी कळतं. उंदीर भिंतीच्या कडेकडेने धावतो, मोकळ्यात येत नाही. पोती लाकडी फळ्यांवर ठेवा आणि भिंतीपासून हातभर सोडा. मागं जागा दिसली की त्याची पंचाईत होते, तुम्हाला झाडता येतं. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून घरातला उंदीर आत येतो. दाराखालची फट पत्र्याची पट्टी मारून बंद करा. महिन्याचा माल एकदम घेऊ नका, आठवड्याचा घ्या, बाकी झाकणाच्या लोखंडी पिंपात. उंदीर दिवसाला तीन-चार ग्रॅम खातो, ते काहीच नाही. पण पन्नासच्या वर लेंड्या टाकतो आणि मुततो सगळीकडे. नुकसान खाण्याचं नाही, घाणीचं आहे. खाण्याच्या धंद्यात तर एक लेंडी गिऱ्हाईकाच्या भाकरीत निघाली की संपलं.

पिंजऱ्यात साधा भाजलेला शेंगदाणा लावा, दोऱ्याने बांधून. चटणी लावून उंदीर पकडायची कल्पना फक्त सोलापूरकरालाच सुचणार.

विषाची काळी पूड मात्र आणू नका. लसणासारखा वास येतो तिला. पिठात मळून गोळ्या ठेवतात, चिमण्या त्यातलं टिपतात आणि जागच्या जागी जातात. वड्यांचं विष खाऊन उंदीर काही दिवसांनी मरतो, तोवर अर्धमेला फिरतो, गव्हाणी घुबड त्याला उचलतं आणि तेही मरतं. घुबड महिन्यात जेवढे उंदीर खाईल तेवढे तुमच्या पिंजऱ्यात वर्षात येणार नाहीत.

भाकरीवाली_सोलापूर

काळ्या पुडीचं मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या बोळात एकाने ठेवली होती, सकाळी दारात चार चिमण्या. मी तिबोट्याला शोधत बोळभर फिरले. तो संध्याकाळी आला.

माळरान_भटक्या

यावरून आठवलं. चीनमध्ये १९५८ साली चार उपद्रवी जीवांविरुद्ध मोहीम काढली, माशा, डास, उंदीर आणि चिमण्या. उंदीर आणि चिमणी एकाच यादीत, गुन्हा तोच, दाणे खाणं. लोकांनी थाळ्या वाजवून चिमण्यांना बसूच दिलं नाही, दमून पडेपर्यंत. मग पिकांवर किडे माजले, आणि १९६० मध्ये यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला. उंदीर मात्र यादीत कायम राहिला.

भाकरीवाली_सोलापूर

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगते.

फळ्या आणल्या, पोती भिंतीपासून ओढली. मागं जे निघालं ते लिहीत नाही, जेवायची वेळ आहे. दोन पिंपं घेतली. दाराखाली पट्टी मारली. शेंगदाणा बांधून पिंजरा ठेवला तर पहिल्याच रात्री एक, तिसऱ्या रात्री दुसरा. दुसरा १४ ग्रॅम.

पत्र्यावर ओलं पोतं टाकते दुपारी. काल तिबोट्या चोचीत हिरवी अळी घेऊन आला, फटीपाशी थांबला, माझ्याकडे बघितलं, मी हलले नाही, मग आत गेला. आतून चिरचिर आली. पाच मिनिटांत पुन्हा बाहेर, पुन्हा कुठूनतरी किडा. मोजलं, अर्ध्या तासात नऊ फेऱ्या. तोवर तव्यावरची भाकरी करपली. सासूबाई आतून ओरडल्या, “भाकरी थापूलालीस का चिमण्या मोजूलालीस?”

चटणीचा काटा नवीन आणला. जुन्यावर उंदीर तोलला होता हे नातवाने सासूबाईंना सांगितलंय.